गाडीच्या शेडचा कोबा : बर्फ नसतानाही का उखडतो?

मागच्या व्याख्यानात आपण घराच्या पायाबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका काकांनी आम्हाला गाठलं आणि एक प्रश्न विचारला. त्यांचा पुतण्या कॅनडात असतो. तो सांगतो की तिकडे गॅरेजच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा घालतात, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. काकांचं गाव किन्हवलीच्या बाजूला. ट्रॅक्टरच्या शेडचा कोबा तीनच पावसाळ्यांत उखडला. प्रश्न असा, की आपणही हवा घालावी का?

प्रश्न ऐकून हसू नका. आम्हीही आधी हसलो, पण नंतर विचार केला तर त्यात मोठी गोष्ट दडलेली होती. आजचं व्याख्यान त्या प्रश्नावरच आहे.

आधी तिकडचं बघू. पाणी गोठलं की आकारमानाने साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीट वरून दगडासारखं दिसतं, पण आतून ते स्पंजासारखं असतं, सूक्ष्म छिद्रांनी भरलेलं. छिद्रांत पाणी असेल आणि ते गोठलं, तर फुगणाऱ्या पाण्याला जागा हवी. जागा नसली की ते काँक्रीटलाच फोडतं. एका रात्रीत नाही. पण गोठणं, वितळणं, परत गोठणं असं एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होतं. त्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते गाडीच्या चाकांना आणि पोटाला चिकटून गॅरेजात येतं आणि तिथे ठिबकत राहतं. म्हणून तिकडे सगळ्यांत आधी गॅरेजची जमीन सोलवटते. यावर उपाय सापडला तो १९३० च्या दशकात अमेरिकेत. काँक्रीटमध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे हवेचे बारीक बुडबुडे मिसळायचे. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला शेजारी रिकामी जागा मिळते. आपलं भारतीय मानक, आय एस ४५६, सन २००० चं, तेही गोठण्याचा धोका असलेल्या ठिकाणी हेच सांगतं : २० मिलिमीटरची खडी असेल तर हवा ५ टक्के, एखादा टक्का इकडेतिकडे. लडाखमध्ये बांधणाऱ्याने हे पाळायलाच हवं.

शहापूरला मात्र याची काही गरज नाही. उलट नुकसान आहे, कारण दर १ टक्का हवेमागे काँक्रीटची ताकद साधारण ५ टक्क्यांनी कमी होते. जिथे बर्फ नाही तिथे हवा घालणं म्हणजे फुकटचा अशक्तपणा विकत घेणं.

आता गंमत बघा. याच आय एस ४५६ मध्ये एक तक्ता आहे, हवामानाचा काँक्रीटला त्रास किती याचा. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि अगदी टोकाचा, अशा पाच पायऱ्या. त्यातल्या ‘तीव्र’ या पायरीत काय लिहिलंय? जोरदार पाऊस झेलणारं काँक्रीट, आलटून पालटून भिजणारं आणि वाळणारं काँक्रीट, आणि ओलं असताना कधीमधी गोठणारं काँक्रीट. तिघं एकाच ओळीत बसवलेत! म्हणजे जूनपासून चार महिने धो धो भिजणारं आणि एप्रिल-मे महिन्यात तव्यासारखं तापणारं आपलं अंगण हे मानकाच्या नजरेत अधूनमधून बर्फ पडणाऱ्या गावाच्या शेजारीच बसतं. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात, माळशेजच्या बाजूला त्याहूनही जास्त. बर्फ नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, तिथेच फसतो.

त्या पायरीसाठी मानक काय मागतं? लोखंड नसलेलं काँक्रीट असेल तर निदान एम २०, घनमीटरला २५० किलो सिमेंट, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नाही. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

निम्मं म्हणजे किती? सिमेंटची गोणी ५० किलोची. म्हणजे गोणीमागे पाणी २५ लिटर. रंगाची २० लिटरची बादली सगळ्यांच्या घरी असते; एक बादली आणि वर पाच लिटर, झालं. प्रत्यक्षात काय होतं? मिक्सरवरचा माणूस पाइप हातात धरून उभा असतो आणि माल ‘मोकळा’ दिसेपर्यंत सोडत राहतो. आम्ही अशा कामांवर बादलीने मोजून पाहिलंय. ३५ लिटर सहज जातं. त्यात रेतीच ओली असली तर तिच्याबरोबर आणखी दोन-तीन लिटर येतं, ते कोणी धरतच नाही.

या जास्तीच्या १० लिटरचं पुढे काय होतं ते समजून घेऊ. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक क्रियेसाठी गोणीमागे १२-१३ लिटर पाणी पुरतं. बाकीचं आपण माल पसरता यावा म्हणून घालतो. त्यातलं काही सिमेंटच्या चिकात अडकून राहतं, उरलेलं काही दिवसांत, काही महिन्यांत उडून जातं. पण जाताना त्याने व्यापलेली जागा तशीच राहते. म्हणजे आपण काँक्रीटमध्ये आपल्या हाताने बोगदे खणून ठेवतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच बोगद्यांतून पाणी आत येतं, मे महिन्यात बाहेर जातं. आत आलं की फुगायचं, गेलं की आकसायचं. २५ लिटरचे ३५ केले की ताकद जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरते, आणि पाणी झिरपणं तर त्याहून कितीतरी पटीने वाढतं. पुतण्याच्या गॅरेजमधले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून ते वाचवतात. आपले बोगदे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून ते मारतात.

मग माल घट्ट वाटतो, पसरत नाही, त्याचं काय? तर प्लास्टिसायझर मिळतं, डब्यावर लिहिलेल्या मापाने गोणीमागे थोडंसं घालायचं. पाणी न वाढवता माल सैल होतो. तेही नको असेल तर दोन माणसं जास्त लावून पट्टी आपटत आपटत माल बसवा.

मापाबद्दल एक. एम २० साठी जुनं माप एक : दीड : तीन. एक सिमेंट, दीड रेती, तीन खडी. हे माप घमेल्याने घेतलं तर ते घमेलं भरणाऱ्याच्या मूडवर अवलंबून असतं. सकाळी शिगोशीग, दुपारी अर्धं. सिमेंटची एक गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. आतून ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३९ उंच अशी लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. ती बरोबर एका गोणीएवढी होते. दीड पेटी रेती, तीन पेट्या खडी.

रेतीची गोष्ट आपल्या भागात नाजूक आहे. पूर्वी आपल्याकडे खाडीची रेती यायची, ठाणे-कल्याणकडच्या बंदरांवरून. तिच्यात मीठ असतं. लोखंड नसलेल्या कोब्याला ते एकदम मारत नाही, पण लोणा लागल्यासारखी पांढरी भुकटी वर येते. लोखंड असेल तर मात्र गंज नक्की. कण जिभेवर ठेवून बघायची आपल्या आजोबांची पद्धत अजूनही खरी आहे. आता बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाची क्रश सँड येते. ती चांगली असते, आम्ही तिच्याच बाजूचे आहोत. पण क्रशरवर दोन ढीग असतात, एक क्रश सँडचा आणि एक डस्टचा. डस्ट स्वस्त. गाडी रिकामी होताना जर पिठासारखी धूळ उडत असेल तर ट्रक तिथेच थांबवा. एकदा ढीग अंगणात पडला की कोणी परत नेत नाही.

आता काँक्रीटच्या खालचं. आम्ही जेवढे फुटलेले कोबे उकरून पाहिले, त्यातले बरेचसे वरून नाही, खालून मेलेले होते. आपल्याकडे घर बहुतेक वेळा भाताच्या खाचराच्या कडेला. शेड बांधायची म्हणजे खाचराचा कोपरा भरावाने उचलायचा. खाली काळी, चिकण माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर जेसीबीने एका दिवसात तीन फूट मुरूम ओतला आणि पंधरा दिवसांनी कोबा टाकला, तर पहिल्या पावसाळ्यात भराव बसतो आणि कोबा अधांतरी राहतो. वरून ट्रॅक्टर गेला की पापडासारखा मोडतो. ट्रॅक्टरचंच वजन दोन टनांच्या आसपास असतं, भरलेली ट्रॉली वेगळी.

म्हणून काळी माती दिसते तेवढी काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुम्मस करा. रोलर मिळाला तर उत्तमच. आणि जमत असेल तर भराव एक पावसाळा तसाच राहू द्या. पाऊस फुकटात धुम्मस करून देतो, शिवाय कुठे खचतंय तेही दाखवतो. त्यावर दगडाचं सोलिंग, फटींत बारीक खडी-मुरूम, आणि मग जाड प्लास्टिकचा कागद. हा कागद लोक वगळतात. पण शेडमध्ये फक्त गाडी नसते. भाताच्या गोण्या असतात, पावसाळ्यात शेळ्या असतात, कधी तिथेच पोरं झोपतात. खालून ओल चढली की गोण्यांची तळाची रांग काळी पडते. थोडे पैसे वाचवायला वर्षाचा भात ओलीत ठेवू नका.

जाडी किती? चार इंच ठेवतात, आम्ही पाच सांगतो. चाराचे पाच केले की माल सव्वापट लागतो, पण वाकण्याला तोंड देण्याची ताकद दीडपटीहून जास्त वाढते, कारण ती जाडीच्या वर्गाने वाढते. १२ बाय २० फुटांची शेड घ्या. पाच इंचाने १०० घनफूट काँक्रीट, म्हणजे साधारण २३ गोण्या. चार इंचाने १८. पाच गोण्यांचा फरक आणि त्याबरोबरची रेती-खडी. जाळीचं लोखंड घालू का, असं विचारतात. घातलं तर ते वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून दोनेक इंच खाली हवं. आपल्याकडे जाळी जमिनीवर अंथरतात, वर माल ओततात आणि फावड्याच्या टोकाने ‘उचलली’ असं म्हणतात. ती तळाशीच राहते. अशा जाळीपेक्षा तेच पैसे पाचव्या इंचात घाला.

काँक्रीट आकसतं, त्यामुळे भेग पडणारच. ती कुठे पडावी एवढंच आपल्या हातात असतं. २० फुटांच्या लांबीला बरोबर मध्ये कापा, म्हणजे १२ बाय १० चे दोन तुकडे होतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, टाइल कापायच्या कटरने सव्वा इंच खोल. पाव जाडी कापायची हा हिशोब. चार दिवसांनी कापायला गेलात तर भेगेने आपली जागा आधीच निवडलेली असते. खांब आणि भिंतींच्या कडेने थर्माकोलची पट्टी ठेवा. उतार दरवाजाकडे, फुटाला एक सूत, म्हणजे २० फुटांना अडीच इंच. उघड्या उतरणीवर दोन सूत.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. पाणी मारणं.

दुकानात आता बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं, राख मिसळलेलं. चांगलं सिमेंट आहे, पाणी कमी झिरपू देतं. पण सावकाश पिकतं. मानक म्हणतं निदान १० दिवस ओलं ठेवा, शक्यतो १४. आणि आपली कामं कधी निघतात? मे महिन्यात. लग्नसराई उरकली, मुंबईचा भाऊ सुट्टीवर आला, ७ जूनच्या आत शेड हवी. नेमकं तेव्हा विहीर तळाला गेलेली असते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा देतंय, आणि त्याच शहापूर तालुक्यात मे महिन्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. डोक्यावर हंडा घेऊन आलेल्या बाईला आम्ही सांगायचं, की ताई, यातलं थोडं काँक्रीटला घाला? हे तोंडाने निघत नाही. आणि नाही घातलं तर २३ गोण्यांचा कोबा वरच्या अर्ध्या इंचात कच्चा राहतो. भुकटी सुटते ती इथून.

हिशोब करू. आळी बांधून इंचभर पाणी उभं करायचं तर १२ बाय २० ला साडेपाचशे लिटरहून जास्त लागतं, आणि उन्हाने ते रोज उडतं. त्याऐवजी गोणपाटं भिजवून अंथरा, वर प्लास्टिकचा कागद, कडेला विटा किंवा माती दाबा. पाणी उडायला वाटच नाही. मग दोन-तीन दिवसांनी कागद उचलून पाहायचं, गोणपाट कोरडं वाटलं तरच शिंपडायचं. गोणपाट नसेल तर पेंढा चालतो, थोडा पिवळा डाग पडेल, पडू दे. मालाखाली घालायला आणलेल्या कागदाच्याच गुंडाळीतून हा कागद निघतो.

पण खरं सांगायचं तर मे महिन्यात हे काम करूच नका. भात झोडून झालं, दिवाळी झाली की डिसेंबर-जानेवारीत करा. विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, गवंडीही घाईत नसतो.

हे आम्ही शहाणपणा म्हणून सांगत नाही, आमचाच एक कोबा गेलाय. मुरबाडच्या बाजूला, मे महिन्याची अखेर. दुपारी तीनला ओतणं संपलं, साडेपाचला वळीव आला. ताडपत्री आणली नव्हती. वर पाणी साचलं. गवंड्याने नेहमीचा उपाय केला : कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि थापीने घोटून गुळगुळीत केलं. संध्याकाळी आरशासारखा दिसत होता, आम्ही फोटोसुद्धा काढले. दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटायला लागले. वरचा दोन सूत थर खालच्या काँक्रीटला धरूनच नव्हता, मधे पाणीच पाणी घोटलं गेलं होतं. त्या घरातल्या आजी आम्हाला म्हणाल्या, ‘शेणाने सारवलेलं बरं होतं, ते निदान परत सारवता येत होतं.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो वरचा थर आम्ही आमच्या खर्चाने काढून दिला.

कॅनडातल्या गॅरेजची जमीन सोलवटते तेव्हाही पुष्कळदा हेच कारण निघतं. वर आलेलं पाणी सुकायच्या आत घोटलं, म्हणून वरचा थर कमजोर झाला, आणि मग बर्फाने तो उचलला. तिकडे बर्फ उचलतो, आपल्याकडे चाक उचलतं. म्हणून नियम एकच : वरची चमक जाईपर्यंत थापी लावायची नाही. अंगठा दाबला की जेमतेम ठसा उमटावा, तेव्हा लावायची. कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही. शेवटी लाकडी रंध्याने फिरवून सोडा. उतरणीवर तर आडवा झाडू मारून खरखरीत करा, नाहीतर जुलैमध्ये शेवाळ धरतं आणि भाताची गोणी डोक्यावर घेतलेला माणूस घसरतो.

दोन शत्रू आणखी. चिखलणीची लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर थेट शेडमध्ये आणतात. एका हंगामात दाराची कड दातांनी खाल्ल्यासारखी होते. चाकं बाहेर काढा, किंवा दारापाशी जुन्या टायरच्या पट्ट्या टाका. आणि खताच्या गोण्या, विशेषतः अमोनियम सल्फेट, थेट कोब्यावर ठेवू नका. ते ओलं झालं की काँक्रीटला खातं. खाली फळ्या घाला.

आता प्रश्न घेऊ.

एका ताईंचा प्रश्न आहे, की आधीच उखडलेल्या कोब्यावर सिमेंटचा पातळ थर दिला तर चालेल का? नाही, ताई. अर्धा इंचाचा थर वर्षभरात सुटतो. आधी काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज येतो ती जागा आणि खणखणीत येतो ती जागा, खडूने आखून घ्या. खणखणीत भाग राहू द्या. पोकळ भाग चौकोनात कापून, खाली सोलिंगपर्यंत काढा, मुरूम परत ठोका आणि पूर्ण जाडीचं काँक्रीट भरा. सगळाच पोकळ वाजत असेल तर आणि उंची परवडत असेल तर जुन्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून चार-पाच इंच नवा टाका. जुना मग सोलिंगचं काम करतो. पण जुना हलत असेल, चालताना डुगडुगत असेल, तर तो काढावाच लागेल.

आणि काकांना उत्तर. काका, हवा घालू नका. पाइप बाजूला ठेवा आणि बादलीने मोजा. यंदाची भातकापणी झाली की कळवा, आम्ही पेटी घेऊन येतो.